'खरेदी' कशास म्हणावें आणि 'गहाण' कशास

कचेरींतील शब्द फारसी, म्हणून ते शेतकऱ्यास कळत नाहींत, अशी तक्रार आमच्या कानीं वारंवार येते. आम्हांस ती पुरती पटत नाहीं. 'जमीन' हा शब्दही फारसीच. पण त्याचा अर्थ विचारण्यास कोणी कचेरींत आलेला आम्हीं पाहिला नाहीं. आमच्या सोलापूर जिल्ह्यांतील शेतकरी बुडतो तो कठीण शब्दांनीं नव्हे, 'खरेदी' या रोजच्या शब्दानें.

अडचणीच्या वेळीं सावकार म्हणतो, "खरेदीखत नांवाला करूं, पैसे फेडलेस कीं जमीन तुझी." शेतकऱ्याच्या मनांत तें गहाण असतें, कागदावर मात्र कायम खरेदी असते. गहाणांत मालकी आपलीच राहते. खरेदींत ती गेली. या दोहोंमध्यें मुदतखरेदी आहे, आणि खरी मेख तेथेंच आहे. मुदतींत रक्कम दिल्यास जमीन परत, ही अट खरेदीच्याच दस्तांत लिहिलेली असेल, तरच त्या व्यवहारास गहाण मानतां येतें. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यांत १९२९ सालीं तशी दुरुस्ती झाली. अट निराळ्या कागदावर असेल, मग तो स्टँपाचा कां असेना, तर तो फक्त परत विक्रीचा करार होतो, आणि त्याची मुदत टळली कीं हक्क सहसा जातो. उलट गहाण सोडविण्याचा दावा, तो हक्क उत्पन्न झाल्यापासून ३० वर्षें करतां येतो. एवढें अंतर एका कलमाच्या जागेनें पडतें!

साठेखत म्हणजे विक्रीचा करार, विक्री नव्हे. फेरफाराचेंही तसेंच. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमानें ती नोंद उलट पुरावा येईपर्यंत खरी मानतात. पण नोंदीनें मालकी उत्पन्न होत नाहीं. जन्मभर याच नोंदी लिहिल्या असल्यानें हें सांगण्याचा आम्हांस अधिकार आहे असें आम्ही समजतों.

१८७५ सालीं पुणें व नगरकडील शेतकऱ्यांनीं सावकारांचे दस्त हिसकावून जाळले. त्यानंतर १८७९ चा कायदा झाला. पुणें, सातारा, नगर व आमचें सोलापूर हे त्याचे मूळचे चार जिल्हे. शेतकऱ्याचा दस्त गांवच्या रजिस्ट्रारच्या देखरेखीखालीं लिहिला जावा, अशी त्यांत तरतूद होती. तो कायदा आतां उरला नाहीं. आजचा दुय्यम निबंधक दस्त तुम्हींच करून दिला काय, एवढें पाहतो. तुमच्या मनांत काय होतें हें पाहणें त्याचें काम नव्हे. म्हणून अंगठा करण्यापूर्वीं दस्त तिऱ्हाईत जाणत्याकडून मोठ्यानें वाचवून घ्यावा, आणि हें काम गांवोगांवच्या सभासदांनीं अंगावर घ्यावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

ज्यांची जमीन अशा नांवाच्या खरेदींत आधींच गेली, त्यांनींही स्वस्थ बसूं नये. सावकारीच्या ओघांत तारण म्हणून घेतलेली जमीन परत देवविण्याचा अधिकार २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानें सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकास आहे. त्यासही मुदतीचें बंधन आहे. अर्जासोबत दस्ताची नक्कल, फेरफाराचा उतारा व फेडलेल्या रकमांच्या पावत्या जोडाव्या.