पेटीतला कागद वाळवीने खाण्याआधी



"कुठे राहता?" "कॅम्प चारला." हे आपण रोज बोलतो. पण हा कॅम्प कुणाचा, हे किती जणांना आठवतं? दुसऱ्या महायुद्धात इथे कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प होता. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली त्याचं उल्हासनगर झालं. निर्वासितांचा इतिहास निदान सांगितला तरी जातो. सैनिकांचा कोणी सांगत नाही.

आमचे आबा त्या महायुद्धातले सैनिक. नंतर अंबरनाथला कारखान्यात लागले, बदलापूरला घर केलं. लढाईबद्दल चकार शब्द नाही. घरात सगळे म्हणायचे, "आबा बर्मात होते." आबा गेले, आई गेली. मागच्या वर्षी घर रिकामं करताना पत्र्याच्या पेटीत सहा टोकांचं पदक सापडलं. फीत लाल, पांढरी, हिरवी. ही बर्माची नाही, इटलीची! म्हणजे इतकी वर्षं आम्ही नातवंडांना चुकीची गोष्ट सांगत होतो.

मग शोध सुरू. एका कार्यालयात पहिलाच प्रश्न, "सर्व्हिस नंबर?" डिस्चार्ज बुक दाखवलं. त्यात 'मराठा' वाचता येतं, पण नंबराचे शेवटचे दोन आकडे वाळवीने खाल्लेले. "मग कसं शोधणार, काका?" त्या पोराची चूक नाही. त्या युद्धात भारतीय सैन्यात जवळपास २५ लाख माणसं होती. नुसत्या नावावर कोण सापडणार?

जे युद्धात गेले, त्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर फुकट बघता येतात. जे जिवंत परतले, त्यांच्यासाठी रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहावं लागतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे. आहे तेवढी माहिती घालून मी पत्र टाकलंय. बघू.

इटलीतच यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. घाडग्यांचा पुतळा माणगावला आहे. पण त्यांच्या बाजूला उभे राहून लढलेल्यांचं काय?

पहिल्या महायुद्धातल्या ३ लाख २० हजार पंजाबी सैनिकांच्या नोंदी लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या. २०२१ पासून त्या ऑनलाइन यायला लागल्या. आपल्याकडे का नाही? उल्हासनगर महापालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषद यांनी आपापल्या वाचनालयात एक रजिस्टर ठेवावं. नाव, मूळ गाव, पलटण, नंबर आणि कागदाचा स्कॅन. चौकाच्या सुशोभीकरणापेक्षा स्वस्तात होईल.

कोणी म्हणेल, "इंग्रजांसाठी लढले, त्यात कसलं कौतुक?" अहो, बरेचसे पोटासाठी गेले होते. कौतुक करा की नका करू, तो तुमचा प्रश्न. नोंद तरी ठेवा. आणि हा नुसता आठवणींचा मामला नाही. महायुद्धातल्या माजी सैनिकांच्या विधवांना राज्य शासन मानधन देतं. तिथेही कागदच लागतो. आज अशी एखादी आजी कुठल्या चाळीत असेल, तर तिचा कागद तिच्या हयातीतच सापडायला हवा.

एवढं करा. दिवाळीच्या साफसफाईत जुनी पेटी भंगारात द्यायच्या आधी उघडा. नंबर दिसला की फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा. पदक चिंच लावून घासू नका. आणि घरात कोणी म्हातारं माणूस असेल, तर आजच विचारा. आम्ही विचारलं नाही.