दोरी बांधायची घाई कशाला?

सुप्रीम कोर्टाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी आदेश दिला : शाळा, कॉलेज, हॉस्पिटल, बस स्टँड, रेल्वे स्टेशन इथली भटकी कुत्री उचला, नसबंदी-लसीकरण करा, निवारा केंद्रात ठेवा. परत त्याच जागी सोडायचं नाही. तेव्हापासून कॅन्टीनमागे बसणाऱ्या कुत्र्याचं काय, हा कॉलेजच्या कट्ट्यावरचा खरा प्रश्न झालाय. वारणानगरात तर इंजिनिअरिंगपासून आर्ट्स-सायन्सपर्यंत सगळी कॉलेजं एका गावात. एखादा म्हणतोच, "मी नेतो याला घरी."

नेतो खरा. पट्टा बांधतो, दोरी अडकवतो, ओढतो. कुत्रं चारी पाय रोवतं, लोळण घेतं, नाहीतर मान मागे खेचून पट्ट्यातून निसटून पसार. तिसऱ्या दिवशी निकाल लागतो : "याला रस्त्याचीच सवय, हे घरात राहणार नाही." आमच्या मते हा निकाल घाईचा आहे. घरात राहायला ते कुत्रं तयार असेलही, पण दोरीची ओळख त्याला कुणी नीट करून दिलेलीच नसते.

त्याच्या बाजूने बघा. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याचा जीव वाचतो तो पळता येतं म्हणून. मागून गाडी आली, पोरांनी दगड उचलला, की पळायचं. दोरी नेमकं तेच बंद करते. त्यातून याआधी कुणी फास टाकून नाहीतर जाळीत धरून नेलं असेल, तर गळ्याशी येणारी कुठलीही वस्तू म्हणजे संकट. आणि मान पुढे ओढली की अंग आपोआप मागे जोर लावतं, तुम्हाला हात धरून फरफटवलं तर तुम्हीही तेच कराल. त्याला हट्टीपणा म्हणू नका.

यावरचा उपाय शंभर वर्षं जुना आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाबद्दल लिहिलं. मूल आवडीचं खात असताना ससा लांब ठेवायचा, मग हळूहळू जवळ आणायचा. शेवटी पोरगं सशाला हात लावू लागलं. सायकॉलॉजीवाल्यांना हे पाठ असेल. कुत्र्याच्या बाबतीत ससा म्हणजे दोरी, एवढंच.

म्हणून पहिले दोन-तीन दिवस दोरी नुसती जेवणाच्या ताटलीजवळ पडू द्या. हातात घेतली की उकडलेल्या चिकनचा तुकडा, खाली ठेवली की खाऊ बंद. कुत्रं दोरी बघून शेपटी हलवायला लागलं की मग अंगाला स्पर्श, मग पट्टा दोन मिनिटं, मग दहा. गळ्यापेक्षा छातीला बसणारा हार्नेस बरा, मानेवर ताण येत नाही आणि नीट बसवला तर निसटणंही अवघड. नंतर घरातच दोरी जमिनीवर घासत फिरू द्या, तुमचं लक्ष असतानाच, नाहीतर कुठेतरी अडकून सगळी मेहनत पाण्यात. दोरीचं टोक हातात घ्यायचं ते अगदी शेवटी. आणि तेव्हाही कुत्र्याच्या मागे तुम्ही जायचं.

खाऊबद्दल एक सांगायलाच हवं. वारणेचं श्रीखंड आपल्याला कितीही प्रिय असो, कुत्र्याला गोड नको. बेदाणे तर अजिबात नकोत, द्राक्ष-बेदाण्याने कुत्र्याची किडनी बिघडू शकते.

ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, कान मागे, शेपटी पायात : याचा अर्थ 'आज पुरे'. एक पायरी मागे या. गुरगुरलं तर मारू नका. गुरगुरणं ही सूचना असते, ती मारून बंद केली की पुढच्या वेळी सूचनेशिवाय चावा बसतो. रेबीजची लस पहिल्या आठवड्यातच द्या, डॉक्टरांना घरी बोलवावं लागलं तरी चालेल. तरीही दात लागलाच तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

याला किती दिवस लागतात? एखादं पिल्लू आठवड्यात चालायला लागतं, मोठ्या घाबरट कुत्र्याला दोन-तीन महिनेही जातात. दत्तक घेतल्याचं रील अर्ध्या मिनिटात होतं, हे काम तसं नाही. म्हणून नेण्याआधीच ठरवा : सेमिस्टरच्या परीक्षेत त्याला कोण फिरवणार, सुट्टीत ते कुठे राहणार, घरमालकाला विचारलंय का. चौघांनी मिळून 'आपलं' म्हटलेलं कुत्रं बहुतेक वेळा कुणाचंच नसतं. एकाचं नाव पक्कं करा, बाकीच्यांनी खर्च वाटून घ्या. कॉलेजच्या एनएसएसने वृक्षारोपणाच्या जोडीला हेही काम घ्यायला हरकत नाही.

पहिल्यांदा बाहेर काढाल ती वेळ नीट निवडा. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावून, गाणी ठणाणा वाजवत उसाचे ट्रॅक्टर जात असतात, त्या रस्त्याला नकोच. पहाटे, एखाद्या मोकळ्या गल्लीत, गेटपासून वीस पावलं. कुत्रं थांबलं तर तुम्हीही थांबा. दोरी सैल ठेवा आणि त्याला वास घेऊ द्या.