यंत्राशेजारी माणूस हवा

आमच्या पिढीने या शाळेत प्रवेश घेतला तेव्हा वसतिगृहात एकच रेडिओ होता आणि त्याची कळ अधीक्षकांच्या हाती होती. घरची खुशाली पोस्टकार्डाने कळे, तीही आठ-दहा दिवसांनी. आज आम्हा माजी विद्यार्थ्यांच्या खिशात रेडिओ, टपाल, छापखाना आणि ग्रंथालय एकाच यंत्रात नांदतात. आम्हा काही वर्गमित्रांना तर या नवलाईचा छंदच जडला आहे. नवे ॲप निघाले की ते मोबाइलवर घ्यावे, चार दिवस वापरून पाहावे आणि एकमेकांना बरेवाईट सांगावे, असा आमचा परिपाठ. कोणी याला पोरखेळ म्हणतात. त्यात थोडे तथ्यही आहे. परंतु या छंदातून जे उमगले ते शाळेत आज शिकणाऱ्या मुलांच्या कामाचे आहे, म्हणून ते या स्मरणिकेत मांडण्याचे धाडस करीत आहोत.

प्रथम जमेची बाजू. 1954 ते 1956 या काळात रंगून येथे झालेल्या सहाव्या संगीतीत संपादित झालेले पालि तिपिटक इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने संगणकावर आणले. आज ते देवनागरीत कोणालाही विनामूल्य वाचता येते. संध्याकाळच्या वंदनेत आम्ही पाठ म्हणत आलो त्या सुत्तांचा मूळ पाठ कुठे आहे, हे शोधायला आम्हाला वयाची चाळिशी उलटावी लागली. आजची मुलगी तो दोन मिनिटांत काढू शकते. महाराष्ट्र शासनाने 1979 पासून प्रसिद्ध केलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंडही आता मोबाइलवर उघडतात. हे जाडजूड खंड संपूर्ण संच म्हणून घरी बाळगणे आपल्यापैकी किती जणांना परवडले असते? सोळाव्या खंडात बाबासाहेबांनी सिद्ध केलेले पालि व्याकरण आणि शब्दकोश आहे. एवढ्या व्यापात असलेला माणूस एकेका शब्दाचा अर्थ टिपून ठेवत होता, हे मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तर अभ्यासाविषयी वेगळे प्रवचन द्यावे लागणार नाही.

दुसरा अनुभव घरातला. आमच्यापैकी एकाच्या आईला अक्षरओळख नाही. बोललेले लिहून देणारी मराठी सोय मोबाइलवर आली तेव्हा त्याने फोन आईपुढे धरला. आपले बोलणे अक्षरांत उमटताना पाहून ती माउली बराच वेळ काही बोललीच नाही. मग तिने वसतिगृहातल्या नातीसाठी चार ओळी सांगितल्या. मात्र तिचे ‘कामून’ यंत्राला कळले नाही. त्याने त्याचे ‘कामं’ करून टाकले. वर्तमानपत्राची मराठी यंत्राला येते, आमच्या आयांची अजून पुरती येत नाही. ती सुधारणा नातीने शेजारी बसून केली, तेव्हा कुठे पत्र पुरे झाले. आजी बोलली, यंत्राने लिहिले आणि नातीने नीट केले. या तिघांपैकी एकजण वगळला असता तर ते पत्र झाले नसते.

आता काळजीची बाजू. प्रश्नाला क्षणात उत्तर देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने हल्ली सर्वांच्या हाती आली आहेत. अशाच एका साधनाला आम्ही शिक्षणाविषयी बाबासाहेबांचे एक वचन, खंड आणि पृष्ठासह मागितले. उत्तर सुंदर होते, भाषा ठसठशीत होती, खंड आणि पृष्ठ दोन्ही दिलेले होते. आम्ही तो खंड उघडला, तर त्या पृष्ठावर निराळाच विषय! आसपासची पाने चाळली, तिथेही ते वाक्य नव्हते. पुन्हा विचारले तेव्हा यंत्राने क्षमा मागितली आणि तितक्याच आत्मविश्वासाने दुसरे पृष्ठ सांगितले. तेही खोटे निघाले. आम्ही खंड उघडला नसता, तर ते वाक्य येत्या जयंतीच्या फलकावर बाबासाहेबांच्या नावाने झळकले असते.

कालामांना तथागतांनी सांगितले होते की, ऐकीव आहे म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आदरणीय आहे म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका, स्वतः पारखा. या यादीत आपल्या काळाने ‘मोबाइलवर आले आहे म्हणून’ एवढीच भर घालायची आहे. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला नाव दिले ते मिलिंद राजाचे, नागसेनाला प्रश्नामागून प्रश्न विचारणाऱ्याचे. प्रश्न विचारण्याची आणि उत्तर पडताळण्याची सवय हीच आपली परंपरा आहे. ती मुलांना यंत्र लावणार नाही, माणसानेच लावावी लागेल.

एक घटना मात्र आमच्या मनातून जात नाही. ओळखीतल्या एका मुलीने दहावीनंतर शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज भरायला घेतला. पडताळणीचा अंक आधारला जोडलेल्या क्रमांकावर जाणार होता. तो क्रमांक वडिलांचा. रिचार्ज न झाल्याने बंद पडलेला. वडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेले, नवा क्रमांक शेजाऱ्याच्या नावावर. त्यात गुणपत्रिकेवरचे नाव एक आणि आधारवरचे दुसरे. केंद्रावर चार खेपा झाल्या, प्रत्येक खेपेस आईची मजुरी बुडाली आणि अखेर मुदत संपली. मुलगी हुशार होती, पात्र होती, कागदपत्रेही होती. तिच्या घरात मोबाइलही होता. नव्हता तो वेळेवर शेजारी बसून ‘आधी हे दुरुस्त करून घेऊ’ असे सांगणारा जाणता माणूस.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. शाळेच्या कृतज्ञतेपोटी माजी विद्यार्थी टॅब, संगणक आणि पडदे भेट देऊ इच्छितात. भावना स्तुत्य आहे, पण ज्या भेटीसोबत माणूस येत नाही ती भेट वर्षभरात कपाटात जाते. त्याऐवजी आपण आपला वेळ द्यावा. जून महिन्यातील पालक मेळाव्यात दहा-बारा माजी विद्यार्थ्यांनी टेबल मांडून बसावे. प्रत्येक मुलाचे नाव सर्व कागदांवर एकसारखे आहे का आणि आधारला जोडलेला क्रमांक चालू आहे का, हे पाहावे. जातीचा दाखला आणि गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये मिळतात का, तेही तपासावे; त्यातून मिळालेला दाखला कायद्याने मूळ प्रतीच्या बरोबरीचा मानला जातो. आईवडील गाव सोडून फडावर जाण्यापूर्वी हे काम उरकले पाहिजे. पुढे महिन्यातून एका रविवारी दोघा-तिघांनी यावे आणि मुलांसोबत एखादे प्रचलित वचन घेऊन ते मूळ खंडात खरोखर आहे का, हे शोधावे. याला खर्च प्रवासाचा तेवढा.

वसतिगृहात मुलांच्या हाती मोबाइल नसावा, या शाळेच्या नियमाला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. पाचवे शील मद्यापासून दूर राहायला सांगते ते प्रमाद टाळण्यासाठी. आणि बोटाने पडदा सरकवत अर्धी रात्र घालवणे हाही प्रमादच आहे. हे आम्ही स्वानुभवाने, थोड्या लाजेने सांगतो. पण नियमाने दूर ठेवलेले यंत्र शाळा सुटताच हाती येणारच आहे. ते हाताळण्याची समज त्याआधी द्यायची, की मुलांना जगाच्या गर्दीत ठेचकाळू द्यायचे, एवढाच प्रश्न आहे.

आम्हाला या शाळेत शहाणे केले ते कंदिलाशेजारी बसून आमच्या वह्या तपासणाऱ्या गुरुजींनी. कंदील गेला, दिवे आले, पडदे आले. त्या गुरुजींची शेजारची जागा मात्र अनेक मुलांच्या बाबतीत आज रिकामी आहे. येत्या जूनच्या मेळाव्यात ती भरायला आम्ही येत आहोत. आपणही यावे.

जय भीम. नमो बुद्धाय.