विज्ञानकादंबरीची पारख

कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी जन्मलेल्या कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी कोचीहून चालविलेल्या ‘केरळ कोकिळ’ मासिकात १९०० साली ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाची कथा मराठीत अवतरली, आणि त्याच टेंभूहून आज कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उपसून खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी मुलखात चढविले जाते. अशा सातारा-सांगलीच्या वाचकाने विज्ञानकादंबरीला मुलांच्या ज्ञानवर्धनाचे साधन एवढीच किंमत द्यावी, हे मला मनस्वी खटकते.

तिच्यातील विज्ञान बिनचूक आहे काय आणि तिचे भाकीत खरे ठरले काय, एवढीच तपासणी करून निकाल देण्याचा रिवाज आपल्याकडे पडला आहे. पात्रे निष्प्राण असली तरी विषय उपयुक्त म्हणून तिला सवलत मिळते. ही सवलत लेखकाचा उपमर्द करणारी आहे. लेखकाने एखादी अशक्यप्राय गोष्ट गृहीत धरली तर ती बिनतक्रार मान्य करावी. मात्र तिच्यातून जे जे ओघाने निष्पन्न होईल, त्याला त्याने अखेरपर्यंत सामोरे जावे, हीच खरी कसोटी होय. जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’मधील यंत्रमानवाला हवे असते ते स्वतःसारखेच यंत्र घडविण्याचे ज्ञान, आणि त्या एका मागणीसरशी माणसांचा लोभ, भय व विवेक यांची परीक्षा सुरू होते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आजच्या दिवसांत ती कादंबरी पुन्हा वाचावीशी वाटते, ती याच कारणाने. लिऊ त्सिशिनची ‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ परग्रहापर्यंत पोहोचते खरी, परंतु तिचे मूळ चीनच्या सांस्कृतिक क्रांतीत पित्याची हत्या डोळ्यांदेखत पाहिलेल्या मुलीच्या दुःखात आहे.

आणि अशा कथाबीजांची आपल्या भूमीत तरी काय कमी आहे? ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झाले, आणि तेथील धरणाच्या जलाशयाचा भूकंपाशी असलेला संबंध जगभरच्या भूशास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय बनला. माणसाने अडविलेल्या पाण्याने धरणी हादरावी, ही कल्पना त्यापूर्वी कोणा कादंबरीकाराने मांडली असती, तर अतिरंजित म्हणून आपण ती खचित फेटाळली असती.

म्हणून दोन्ही जिल्ह्यांतील वाचनालयांच्या चालकांस माझी विनंती आहे, की जेथे विज्ञानकादंबऱ्या बालविभागात असतील, तेथून त्या काढून ललित वाङ्मयाच्या कपाटात ठेवाव्यात. आणि परीक्षणकारांनी इतर कादंबऱ्यांना लावतात तेच माप त्यांना लावावे, त्यात रतीभरही सूट देऊ नये.