सॅमीस वीर म्हणावें काय?

वरच्या वर्गांतील संगणकप्रेमी विद्यार्थ्यांच्या तोंडीं एक गोष्ट नेहमीं असते. ती सांगतांना त्यांच्या डोळ्यांत जें तेज येतें तें पाहून ऐकणाऱ्यासही मौज वाटते. परंतु त्या गोष्टीचा जो अर्थ ते काढतात तो मला मान्य नाहीं, म्हणून हा लेख.

गोष्ट अमेरिकेंतली. सन २००५ च्या ऑक्टोबर महिन्यांत मायस्पेस या संकेतस्थळावर लक्षावधि तरुण आपापलें पान ठेवीत असत. आपलें नांव, आपल्या आवडीनिवडी, आपण कोणास वीर मानतों हें प्रत्येकानें लिहावें व इतरांनीं तें वाचावें, असा तेथील क्रम. सॅमी कामकर नांवाच्या एकोणीस वर्षांच्या तरुणानें आपल्या पानावरील मजकुराच्या पोटांत जावास्क्रिप्ट भाषेंतील एक छोटा प्रोग्राम दडवून ठेविला. जो कोणी तें पान उघडी, त्याच्या ब्राउझरमध्यें तो प्रोग्राम मुकाट्यानें चाले. त्या वाचकाच्याच नांवानें सॅमीकडे मैत्रीची विनंति धाडी. वाचकाच्या वीरांच्या यादींत, सर्वांहून अधिक सॅमी हाच माझा वीर, अशा अर्थाचें वाक्य जोडी. आणि स्वतःची एक नक्कल त्याच्या पानावर ठेवून देई. मग त्याचें पान पाहावयास येणाऱ्या तिसऱ्याची तीच गत. वीस तासांच्या आंत दहा लाखांहून अधिक विनंत्या सॅमीकडे आल्या, आणि चालकांना मायस्पेसच कांहीं काळ बंद ठेवावें लागलें.

आमचीं मुलें येथेंच थांबतात. पुढील भाग असा कीं, २००७ सालीं लॉस एंजेलिसच्या न्यायालयांत सॅमीनें अपराध कबूल केला. तीन वर्षें न्यायालयाच्या देखरेखीखालीं राहणें, ९० दिवसांची समाजसेवा, नुकसानभरपाई आणि संगणकाच्या वापरावर कडक निर्बंध, असा निकाल त्याच्या वांट्यास आला.

या जातीच्या दोषास स्टोअर्ड क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग म्हणतात. नांव बोजड आहे, आणि अर्थबोधाच्या दृष्टीनें फारसें उपयोगीही नाहीं. मायस्पेसच्या प्रकरणांत दुसऱ्या संकेतस्थळाचा संबंध कोठें होता? त्यांतील महत्त्वाचा शब्द 'स्टोअर्ड' हा. परक्याचा मजकूर एकदां कोठारांत शिरला कीं येणाऱ्या प्रत्येकाच्या ताटांत तो घरच्या धान्यासारखा वाढला जातो.

मराठी वाचकास हा दोष समजून घेण्यासाठीं परदेशीं जावयास नको. १७७३ सालीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा वध झाला. त्याविषयीं अशी कथा सांगतात कीं, राघोबादादांनीं गारद्यांस दिलेल्या पत्रांत 'धरावें' असें होतें, आनंदीबाईंनीं 'ध' चा 'मा' केला, आणि 'मारावें' झालें. या कथेस इतिहासाचा आधार कितपत आहे हा वाद बाजूस ठेवूं. आपल्या कामाची आहे ती गारद्यांची वृत्ति. पत्र धन्याचें, तेव्हां त्यांतील प्रत्येक अक्षर धन्याचें, असें ते धरून चालले. ब्राउझर हा अगदीं त्याच स्वभावाचा सेवक आहे. संकेतस्थळाकडून आलेल्या पानांतील कोणती ओळ चालकांनीं लिहिली व कोणती एखाद्या वाटसरूनें, हें त्यास कळत नाहीं. सर्व पान एकाच नांवानें आलें, म्हणून सर्व आज्ञा तो सारख्याच निष्ठेनें पाळतो.

यांत पालकांनीं लक्षांत घेण्याजोगी एक गोष्ट आहे. 'अनोळखी ठिकाणीं जाऊं नकोस, परवलीचा शब्द कोणास सांगूं नकोस,' असा उपदेश आपण मुलांस करतों, आणि तो योग्यच आहे. पण येथें तो निरुपयोगी ठरतो. मायस्पेसवरील वाचक ओळखीच्या मित्राच्याच पानावर गेले होते. परवलीचा शब्द त्यांना कोणी विचारला नाहीं. ते आधींच दार उघडून आंत बसलेले, म्हणून त्यांच्या नांवावर काय वाटेल तें करतां आलें. अशा वेळीं मुलास 'तूंच कांहींतरी दाबलें असशील' म्हणून दटावणें हा अन्याय होय.

मग दोष कोणाचा? सॅमीचा आहेच, दुसऱ्याच्या नांवानें त्याच्या संमतीवांचून एक अक्षरही लिहिणें ही लबाडी आहे, मग हेतु थट्टेचा कां असेना. परंतु माझ्या मतें मोठा दोष कोठाराच्या राखणदारांचा. अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांतल्या सर्ट या संस्थेनें या धोक्याची जाहीर सूचना २ फेब्रुवारी २००० रोजीं दिली होती, म्हणजे सॅमीच्या आधीं पांच वर्षें! मायस्पेसचे चालक अगदींच झोपले होते असेंही नव्हे. त्यांनीं मजकुरांतून 'जावास्क्रिप्ट' हा शब्द गाळून टाकण्याची व्यवस्था केली होती. सॅमीनें सजावटीसाठीं मोकळ्या ठेविलेल्या जागेंत तोच शब्द 'जावा' आणि 'स्क्रिप्ट' असा दोन ओळींत तोडून लिहिला. गाळणाऱ्यास तो दिसला नाहीं. कांहीं ब्राउझर मात्र तुटलेला शब्दही जोडून वाचीत. शुभवर्तमानांतील गव्हाचा व निदणाचा दाखला आमच्या विद्यार्थ्यांस पाठ आहे. निदण उपटूं गेल्यास गहूंही उपटला जाण्याचें भय तेथें धन्यास होतें. येथें तर निदणच रोज नवा वेष घेऊन येतें.

खरा उपाय निराळा आहे, आणि तो इतका साधा आहे कीं त्यांत कोणास पराक्रम दिसत नाहीं. ब्राउझरच्या भाषेंत गणितांतील 'पेक्षां लहान' हें चिन्ह आलें कीं पुढें आज्ञा आहे असें समजलें जातें. परक्याचा मजकूर पानावर मांडतांना त्या चिन्हाच्या जागीं अँड, एल, टी आणि अर्धविराम अशीं चार चिन्हें घालावीं. वाचकास मूळ चिन्हच दिसतें, परंतु ब्राउझर तें केवळ अक्षर समजतो. इतर घातक चिन्हांचेंही असेंच करावें. मजकूर पानाच्या कोणत्या भागांत बसणार त्याप्रमाणें रूपांतराचे नियम बदलतात, ते शिकून घ्यावे. लोकांना सजावटीची मुभा द्यावयाचीच असेल तर काय चालेल याची यादी करावी. काय चालणार नाहीं याची यादी कधींच पुरी होत नाहीं. हें सारें ठाऊक असूनही, मायटर या अमेरिकन संस्थेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या सर्वांत धोकादायक पंचवीस दोषांच्या यादींत पहिला क्रमांक याच दोषाचा होता. आळसास दुसरें कोणतें प्रमाणपत्र हवें?

विद्यार्थ्यांस मी दुसरी गोष्ट सांगेन. जून २०१४ मध्यें ऑस्ट्रियांतील एक तरुण त्या वेळच्या ट्विटर कंपनीच्या ट्वीटडेक या साधनावर हृदयाचें चिन्ह उमटवूं पाहत होता. त्या चिन्हाबरोबर लिहिलेला मजकूर ट्वीटडेक आज्ञा म्हणून चालवितें, असें त्याच्या ध्यानांत आलें. त्यानें तें कंपनीस कळविलें. याचें कौतुक मी सॅमीपेक्षां शतपट करीन. तथापि त्याचे प्रयोग उघड्यावर, सर्वांसमक्ष चालले होते. इतरांनीं तेवढ्यांत डाव साधला. स्वतःस स्वतःच पुढें धाडणारा एक संदेश हजारों खात्यांवरून पसरला आणि ट्वीटडेक कांहीं वेळ बंद करावें लागलें. सद्हेतूसही अशी जागा व वेळ पाहावी लागते.

आपल्याकडे अप्रामाणिकपणें दुसऱ्याच्या संगणकव्यवस्थेंत ढवळाढवळ करणाऱ्यास सन २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ व्या कलमानें तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पांच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. कोठें दोष आढळलाच तर तो चालकांस किंवा २००४ पासून काम करणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेस कळवितां येतो. ज्यास हात चालविल्यावांचून चैन पडत नाहीं, त्यानें प्रयोग आपल्याच घरीं करावा. आमचे कांहीं विद्यार्थी आतां प्रदर्शनासाठीं अभिप्रायवही, नांवनोंदणी असे छोटे प्रोग्राम लिहूं लागले आहेत. त्यांनीं आपल्याच प्रोग्रामांत नांवाच्या जागीं नांवाआधीं 'पेक्षां लहान' चें चिन्ह, रोमन लिपींतलें 'बी' हें अक्षर आणि 'पेक्षां मोठें' चें चिन्ह लिहून पाहावें. तीं तिन्ही जशींच्या तशीं पानावर दिसलीं तर त्या जागेपुरतें काम ठीक झालें. चिन्हें नाहींशीं होऊन नांव ठळक अक्षरांत उमटलें, तर सॅमीनें जें दार उघडलें तेंच आपल्या अभिप्रायवहीसही आहे, आणि प्रदर्शनाच्या दिवसापूर्वीं तें बंद करावयाचें आहे.