एकटीसाठी कशाला?

रविवारी सकाळी साडेनऊला तुमच्या फ्रिजमध्ये काय असतं? अर्धं लिंबू, शुक्रवारच्या चायनीजचा उरलेला डबा आणि केचपची चार पाकिटं? मग आपण एकाच कॅटेगरीतले! सोमवार ते शनिवार ब्रेकफास्ट म्हणजे ऑफिसखालच्या टपरीवरचा चहा आणि क्रीम रोल. रविवारी तरी घरी काहीतरी करावं असं वाटतं, पण लगेच तो ठरलेला प्रश्न येतो, एकटीसाठी (किंवा एकट्यासाठी) कशाला?

माझी रूममेट जूनमध्ये लग्न करून हैदराबादला गेली. ती होती तेव्हा रविवारचे पोहे ठरलेले. 'तू कांदा चिर, मी चहा टाकते' वगैरे. ती गेली आणि गॅस फक्त मॅगीपुरता उरला. दोघी असलो की तो ब्रेकफास्ट आणि एकटी असले की नुसतं पोट भरणं, हा नियम कोणी केला माहीत नाही. पण आपण सगळे तो इमानेइतबारे पाळतो.

तो मोडायला हा सीझन एकदम परफेक्ट! ऑक्टोबर हीट ओसरत आलेली असते, पहाटे पंखा बंद करून पांघरूण ओढावंसं वाटतं आणि मंडईत फळांची नुसती धमाल असते. सासवडकडची सीताफळं, काश्मीर-हिमाचलची नवी सफरचंदं, टच्च भरलेली डाळिंबं. बीडच्या सीताफळाला आणि सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये जीआय टॅगही मिळालाय, म्हणजे चक्क ब्रँडेड माल! शिवाय एकच सफरचंद आणि एकच सीताफळ मागितलं तरी फळवाला तोंड वाकडं करत नाही. पुण्यात हेही नसे थोडके.

आता बेत. शनिवारी रात्री अर्धी वाटी दलिया, म्हणजे आपला लापशीचा रवा, चमचाभर तुपावर खमंग परता. दीड वाटी पाणी आणि चिमूटभर मीठ घालून कुकरच्या भांड्यात तीन शिट्ट्या काढा. गार झाला की फ्रिजमध्ये. सकाळी त्यातला निम्मा दलिया अर्धी वाटी दुधात मंद गॅसवर गरम करा. गूळ मात्र गॅस बंद करून, जरा निवल्यावरच घाला. उकळत्या दुधात पडला तर दूध फाटायची भीती.

दुसरीकडे अर्ध्या सफरचंदाच्या सालासकट फोडी चमचाभर तूप, थोडा गूळ आणि चिमूटभर दालचिनी घालून चार-पाच मिनिटं परता. फोडी मऊ झाल्या, कडेनं ब्राऊन दिसायला लागल्या की दलियावर ओता. वर मूठभर डाळिंबाचे दाणे आणि दोन अक्रोड. बस्स! दालचिनीचा वास घरभर पसरतो आणि वन रूम किचनसुद्धा घरासारखं वाटायला लागतं.

सफरचंदाऐवजी सीताफळ हवं असेल तर त्याचा गर अगदी शेवटी, वरून घाला. शिजवू नका, तापवलं की तो कडवट होतो. बिया काढायला दहा मिनिटं जातात, हात चिकट होतात आणि मोबाईलला हात लावता येत नाही. माझ्या मते हा सीताफळाचा सगळ्यात मोठा फायदा आहे! आठवड्यातली ही दहा मिनिटं ना बॉसची, ना क्लायंटची. फक्त तुमची.

आणि हो, पातेल्यातून उभ्याउभ्या खायचं नाही. पाहुण्यांसाठी जपून ठेवलेला तो काचेचा बाउल काढा. पाहुणे येतील तेव्हा येतील, भाडं तर दर महिन्याला तुम्हीच भरता ना?

उरलेला निम्मा दलिया फ्रिजमध्ये आहेच. अचानक कोणी टपकलं तर दुसरा बाउल तयार. नाही आलं, तर सोमवारचा क्रीम रोल वाचला!