दुरुस्त न होणारी चूक

एखाद्या निर्घृण हत्येची वार्ता कानी आली की समाजमन क्षुब्ध होते आणि 'फाशी द्या' ही मागणी चौकाचौकांतून उठते. तो संताप खोटा नसतो. अशा वेळी फाशीच्या शिक्षेला विरोध करणारे मूठभर कार्यकर्ते मात्र गुन्हेगारांचे कैवारी ठरविले जातात. हा त्यांच्यावर अन्याय आहे, असे आम्हांस वाटते. गुन्हा क्षम्य आहे, असे ते म्हणत नाहीत. चुकू शकणाऱ्या माणसांच्या हाती परत न घेता येणारी शिक्षा असावी काय, एवढाच त्यांचा सवाल आहे.

या सवालाचे उत्तर शेजारच्या महाराष्ट्रातच सापडते. २००३ साली तेथे एका कुटुंबावर हल्ला होऊन पाच जणांची हत्या झाली. भटक्या जमातीतील सहा जणांना सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली. पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच ठोठावली. पुढे त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी या सर्वांना निर्दोष म्हणून मुक्त केले! हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांकडील छायाचित्रांतून निराळ्याच चौघांना ओळखले होते आणि त्यांचा तपासच झाला नव्हता, हेही तेव्हा उघड झाले. म्हणजे त्या दुर्दैवी कुटुंबालाही न्याय मिळाला नाही. मधल्या दहा वर्षांत दोर आवळला गेला असता, तर तो मुक्ततेचा निकाल कोणाला वाचून दाखवायचा होता?

फाशी केवळ 'दुर्मिळातील दुर्मिळ' प्रकरणीच द्यावी, हा दंडक सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच घालून दिला होता. तरीही हे घडले. दंडक कितीही काटेकोर असला, तरी पुरावा गोळा करणारी आणि तो तोलणारी माणसेच असतात. डॉ. आंबेडकरांनी १९४९ मध्ये घटना समितीत फाशी रद्द करण्यास आपली अनुकूलता बोलून दाखविली होती. २०१५ मध्ये विधी आयोगानेही दहशतवादाचे व देशाविरुद्ध युद्ध पुकारण्याचे गुन्हे वगळता फाशी रद्द करण्याची शिफारस केली. तथापि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या न्याय संहितेत ती कायमच आहे.

गोमंतकीयांना तर हा विषय परका नाही. पोर्तुगालने मुलकी गुन्ह्यांसाठीची फाशी १८६७ मध्ये रद्द केली आणि १८७० मध्ये तो नियम आपल्या वसाहतींनाही लागू केला. म्हणून ती राजवट दयाळू ठरत नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडणारे हात तिचेच होते. परंतु नव्वद वर्षे या भूमीवर न्यायासनाने मुलकी गुन्ह्यासाठी फाशी सुनावली नाही, हेही तितकेच खरे. मुक्तीनंतर भारतीय दंडविधान आले आणि त्याबरोबर फासाचा दोरही आला. स्वातंत्र्याने आम्हांस पुष्कळ दिले. हे एक देणे मात्र परत करण्याजोगे आहे.

समाजाला धोकादायक असलेल्या माणसाला आजन्म तुरुंगात ठेवण्याचा अधिकार शासनाला आहेच. तुरुंगाचे दार चूक कळताच उघडता येते. फाशीच्या तख्ताला तशी सोय नाही. संसदेने या प्रश्नावर मोकळेपणी विचार करावा आणि तोवर एकाही फाशीची अंमलबजावणी होऊ नये, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.